तोरणमाळ घाटातील सायकल पर्यटन

तोरणमाळ घाटातील सायकल पर्यटन म्हणजे महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहादा या गावापासून सातपुड्याच्या माथ्यावरील तोरणमाळ या थंड हवेच्या ठिकाणापर्यंत, तसेच तेथून भोवतालच्या पाड्यांकडे, सायकलीने केला जाणारा हौशी प्रवास होय. शहादा ते तोरणमाळ हे अंतर एका बाजूने सुमारे ५५ किमी असून त्यात सुमारे १,००० मीटरची चढण आहे. हा रस्ता सर्व वाहनांस खुला असलेला सार्वजनिक रस्ता आहे. तो केवळ सायकलींसाठी राखीव नाही. तथापि त्याच्या डोंगरी भागात वर्षातील बहुतेक दिवस मोटारींची वर्दळ विरळ असते. त्यामुळे फ्रान्सच्या ग्रामीण भागातील वाहनमुक्त सायकलमार्गांशी त्याचे काही बाबतींत साम्य, तर काही मूलभूत बाबतींत भेद आढळतो.

संज्ञा

सायकल पर्यटनाच्या संदर्भात ‘वाहनमुक्त मार्ग’ आणि ‘विरळ रहदारीचा मार्ग’ या दोन संज्ञा अनेकदा एकाच अर्थाने वापरल्या जातात. वास्तविक त्या भिन्न आहेत. वाहनमुक्त मार्गावर मोटारींना कायद्याने मज्जाव असतो. विरळ रहदारीच्या मार्गावर मोटारींना मुभा असते, परंतु भूगोल, अंतर, लोकवस्ती किंवा रस्त्याची अवस्था यांमुळे त्या थोड्या येतात. पहिल्या मार्गावरील शांतता नियमाने लाभलेली असते, दुसऱ्यावरील परिस्थितीने. परिस्थिती पालटली की दुसऱ्या प्रकारच्या मार्गाचे स्वरूपही पालटते. तोरणमाळचा रस्ता या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

भौगोलिक पार्श्वभूमी

तोरणमाळ हे अक्राणी (धडगाव) तालुक्यातील गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीवरील पठारावर वसले आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासून ते या जिल्ह्यात आहे. दक्षिणेस तापीचे सखल व सुपीक खोरे आणि उत्तरेस नर्मदेचे खोरे, या दोहोंच्या मध्ये सातपुड्याची रांग पूर्व-पश्चिम पसरली आहे. तापीकाठचा प्रदेश फारसा चढउतार न होता डोंगराच्या पायथ्यापर्यंत जातो आणि तेथून जमीन एकदम उंचावते. या मार्गाचे सारे वैशिष्ट्य या रचनेत आहे.

डोंगरउतारावर पानझडीचे वन आहे. त्यात साग, अंजन, मोह, तेंदू, चारोळी व आवळा हे वृक्ष आढळतात. येथील वनाचा काही भाग ‘तोरणमाळ संवर्धन राखीव क्षेत्र’ म्हणून घोषित झाला आहे. गावाचे नाव तोरणादेवीवरून किंवा या भागात वाढणाऱ्या तोरण या काटेरी झुडपावरून पडले असावे, असे सांगितले जाते. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेश जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या स्थळाची नोंद ‘तुरणमाळ’ अशी आहे.

मार्गाचे वर्णन

शहाद्यापर्यंत

शहाद्याला रेल्वे नाही. सुरत–भुसावळ लोहमार्गावरील नंदुरबार व दोंडाईचा ही सोयीची स्थानके होत. नंदुरबारहून येणारा रस्ता प्रकाशा येथे तापी ओलांडतो. तापी व गोमाई यांच्या संगमावरील या तीर्थक्षेत्रास ‘दक्षिण काशी’ म्हणतात. दोंडाईचाहून येणारा रस्ता सारंगखेडा येथे तापी ओलांडतो. मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास येथे एकमुखी दत्ताची यात्रा व घोड्यांचा मोठा बाजार भरतो. त्या दिवसांत हा रस्ता गजबजलेला असतो. शहाद्यावरून बऱ्हाणपूर–अंकलेश्वर महामार्ग जातो आणि त्यावर अवजड मालमोटारींची ये-जा चालू असते. या कारणांमुळे शहाद्यापर्यंतचा टप्पा सायकल पर्यटनाच्या दृष्टीने शांत मानला जात नाही. अनेक प्रवासी सायकल वाहनावर लादून शहाद्याला येतात आणि तेथून प्रवासास आरंभ करतात.

शहादा ते पायथा

शहादा सोडल्यावर रस्ता उत्तरेकडे वळून म्हसावद या बाजारगावाकडे जातो. दुतर्फा ऊस, केळी, पपई व कापूस यांची शेते दिसतात. ऊसतोडीच्या हंगामात, म्हणजे साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात, शहाद्याच्या परिसरात उसाने भरलेल्या बैलगाड्या व ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या रस्त्यावर असतात. ट्रॉलीबाहेर झुकलेला ऊस आणि मागील दिव्यांचा अभाव यांमुळे सूर्यास्तानंतर या भागात सायकल चालविणे धोक्याचे ठरते. म्हसावदनंतर राणीपूरच्या बाजूस शेते मागे पडू लागतात आणि वनाचा प्रदेश सुरू होतो.

घाट

राणीपूरच्या पुढे रस्ता चढू लागतो. काळापाणी या वस्तीवरून पुढे जाणाऱ्या या भागात वळणे एकापाठोपाठ एक येतात. ‘सात पायरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टप्प्यात रस्त्याचे पदर एकावर एक रचलेल्या पायऱ्यांप्रमाणे दिसतात. वरच्या वळणावरून पाहिले असता आपण चढून आलेला रस्ता खाली टप्प्याटप्प्याने उलगडलेला दिसतो. चढण सलग असून मध्ये मोठे सपाट पट्टे थोडे आहेत.

माथा

पठारावर यशवंत तलाव, कमळ तलाव, सीताखाई, खडकी पॉइंट, गोरक्षनाथाचे मंदिर, मच्छिंद्रनाथाची गुहा व नागार्जुन ही स्थळे आहेत. त्यांतील बरीचशी एकमेकांपासून अल्प अंतरावर असल्याने सायकलीने एका दिवसात पाहता येतात. गावापुढे खडकी, झापी, सिंदीदिगर अशा वस्त्यांकडे रस्ते जातात. हे रस्ते अरुंद व तीव्र उताराचे असून सामान घेतलेल्या सायकलस्वाराने त्यांवर विशेष सावधगिरी बाळगणे आवश्यक असते.

चढाचे गणित

५५ किमीत १,००० मीटर चढ, असा सरळ हिशेब केल्यास सरासरी चढण दोन टक्क्यांहूनही कमी भरते. हा आकडा फसवा आहे. म्हसावदच्या पुढेपर्यंतची वाट जवळजवळ सपाट असल्याने बहुतेक सारी उंची उत्तरार्धात गाठावी लागते.

सायकलस्वार, सायकल व सामान मिळून ८५ किलोग्रॅम वजन १,००० मीटर उंच नेण्यास केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ८३० किलोज्यूल कार्य करावे लागते. नियमित सराव असलेली सामान्य व्यक्ती दीर्घकाळ सुमारे १०० वॅट शक्ती लावू शकते, असे धरल्यास या चढासाठी किमान २ तास २० मिनिटे लागतात. रस्त्याचे घर्षण, वाऱ्याचा विरोध व विश्रांती यांचा वेळ वेगळा. स्नायूंची कार्यक्षमता सुमारे एक-चतुर्थांश असल्याने शरीराची सुमारे ८०० किलोकॅलरी ऊर्जा या चढात खर्च होते. सामान दहा किलोग्रॅमने वाढविल्यास चढाचा वेळ सुमारे सोळा मिनिटांनी वाढतो. म्हणून अनुभवी प्रवासी जड सामान शहाद्यास ठेवून येतात.

एकाच गिअरच्या साध्या काळ्या सायकलीवर हा घाट बसून चढणे बहुतेकांस शक्य होत नाही. उतरून सायकल ढकलावी लागते. गिअरच्या सायकलीत पुढील लहान चक्र व मागील मोठे चक्र यांची जोडी लावल्यास पायांवरील भार हलका होतो आणि वेग मात्र कमी होतो. डोंगरी प्रवासासाठी बदलत्या गिअरचा आग्रहाने पुरस्कार करणाऱ्यांत फ्रान्सच्या सेंत-एत्येन येथील पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) यांचे नाव अग्रगण्य आहे. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या द व्हिव्ही यांनी १८८७ मध्ये ‘ल सिक्लिस्त’ हे नियतकालिक सुरू केले. शर्यतीसाठी नव्हे, तर देश पाहण्यासाठी सायकल चालवावी, हा विचार त्यांनी त्यातून रुजविला.

ऋतुमान

हवेचे तापमान दर १,००० मीटर उंचीमागे सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने घटते. त्यामुळे शहादा व तोरणमाळ यांच्या हवेत ठळक अंतर पडते. एप्रिल व मे महिन्यांत तापीकाठचे तापमान ४० अंशांपलीकडे जाते. त्या काळात पायथ्यापर्यंतची वाट पहाटेच संपवावी लागते. जून ते सप्टेंबर या काळात घाटात धुके उतरते, ओढे भरून वाहतात, दरडींचे दगड रस्त्यावर येतात आणि डांबरावर शेवाळ धरते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत अनुकूल समजला जातो. मात्र पहाटेची थंडी कडक असते. घामाने भिजलेल्या अंगाने लगेच उतरू लागल्यास थंडी बाधते. म्हणून माथ्यावर कोरडा सदरा बदलण्याची प्रथा सायकलस्वारांत आहे.

रहदारीचे स्वरूप

घाटात नेहमी दिसणारी वाहने म्हणजे राज्य परिवहनाच्या बसगाड्या, प्रवासी जीप, मोटारसायकली, वनखात्याची व शाळा-दवाखान्यांची वाहने होत. या मार्गावरून दूरच्या शहरांकडे जाणारी अवजड मालवाहतूक होत नाही. येथील विरळ रहदारीचे हे प्रमुख कारण आहे. शनिवार-रविवारी, सलग सुट्ट्यांत व पावसाळ्यात पर्यटकांच्या मोटारी वाढतात.

महाशिवरात्रीस तोरणमाळ येथे गोरक्षनाथाची यात्रा भरते. महाराष्ट्राबरोबरच लगतच्या मध्य प्रदेशातूनही भाविक येतात व त्यांतील अनेक जण पायी घाट चढतात. होळीपूर्वीच्या आठवड्यात ठिकठिकाणी भोंगऱ्या बाजार भरतात आणि डोंगरातील रस्ते माणसांनी फुलून जातात. या दिवसांत घाट सायकल पर्यटनास सोयीचा नसतो. तोरणमाळच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांत पायी चालणाऱ्यांचा वाटा मोठा आहे, ही गोष्ट एरवीही ध्यानात ठेवावी लागते. शाळकरी मुले, मोहफुले वा सरपण डोक्यावर घेतलेल्या स्त्रिया आणि गुरे यांच्यासाठी वेगळी पायवाट बहुतेक ठिकाणी नाही. उतारावर आवाज न करता वेगाने येणारी सायकल त्यांना अपघातकारक ठरू शकते.

फ्रान्समधील वाहनमुक्त मार्गांशी तुलना

फ्रान्समध्ये ‘व्हुआ व्हेर्त’, म्हणजे ‘हरित मार्ग’, ही कायद्याने व्याख्या केलेली संज्ञा आहे. २००४ च्या शासकीय आदेशान्वये ती तेथील वाहतूक संहितेत समाविष्ट झाली. त्यानुसार हरित मार्ग हा केवळ मोटारविरहित वाहने, पादचारी व घोडेस्वार यांच्यासाठी राखीव असतो आणि त्याच्या आरंभी निळ्या चौकोनी फलकावर या तिघांची चित्रे असतात.

यांतील बरेच मार्ग बंद पडलेल्या लोहमार्गांवर तयार करण्यात आले. बर्गंडी प्रांतातील जिव्री ते क्ल्यूनी हा सुमारे ४४ किमीचा मार्ग १९९७ मध्ये जुन्या लोहमार्गाच्या जागी खुला झाला व पुढील अनेक मार्गांस तो आदर्श ठरला. काही मार्ग कालव्यांच्या काठाने जातात. पूर्वी नावा ओढणारी घोडी ज्या वाटेने चालत, तीच वाट आज सायकलस्वार वापरतात. तुलूझ ते सेत हा सुमारे २४० किमीचा कानाल द्यु मिदी १६८१ मध्ये पूर्ण झाला व १९९६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. ल्वार नदीच्या काठाने जाणारा ‘ल्वार आ व्हेलो’ हा मार्ग सुमारे ९०० किमीचा असून त्यात राखीव पट्टे व विरळ रहदारीचे ग्रामीण रस्ते अशी दोहोंची गुंफण आहे.

आगगाडीस तीव्र चढ मानवत नाही व कालव्यास तर चढच नसतो. त्यामुळे हे मार्ग मुले, वृद्ध व नवशिके यांनाही सुकर आहेत. तोरणमाळचा घाट या बाबतीत त्यांच्या अगदी उलट आहे. त्याच्याशी अधिक जवळचे साम्य आल्प्समधील ‘कोल रेझेर्व्हे’, म्हणजे ‘राखीव खिंडी’, या उपक्रमाचे आहे. त्यात इझोआर, गालिबिए यांसारख्या खिंडींचे रस्ते उन्हाळ्यातील ठरावीक दिवशी काही तास मोटारींसाठी बंद करून सायकलस्वारांस मोकळे ठेवले जातात. उरलेल्या काळात ते नेहमीचे रस्तेच असतात.

महाराष्ट्रात बंद लोहमार्गांचे सायकलमार्गांत रूपांतर करण्याची परंपरा नाही. विदर्भातील यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या अरुंदमापी ‘शकुंतला’ रेल्वेची वाहतूक थांबल्यावर तेथील लोकांची मागणी सायकलमार्गाची नसून रुंदमापी रेल्वेची आहे. ज्या प्रदेशात सार्वजनिक वाहतुकीची गरज अपुरी राहिली आहे, तेथे रिकाम्या लोहमार्गाकडे विहाराची जागा म्हणून पाहिले जात नाही. मोटारींना बंदी असलेले माथेरान हे राज्यातील ठळक उदाहरण आहे. परंतु ते एका गिरिस्थानापुरते मर्यादित असून लांब पल्ल्याचा मार्ग नव्हे.

भारतातील कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार पायाने चालणारी सायकल ‘मोटार वाहना’च्या व्याख्येत येत नाही, तिला नोंदणी वा चालकास परवाना लागत नाही. रस्त्यालगत सायकलींसाठी राखीव पट्टा असल्यास त्यावर मोटार चालविण्यास रस्ता-नियमांनी मनाई आहे. मात्र गावाबाहेरच्या रस्त्यांवर असे पट्टे क्वचितच असतात आणि तोरणमाळच्या घाटात ते नाहीत.

याच अधिनियमाच्या कलम ११५ अन्वये सार्वजनिक सुरक्षितता वा सोय यांच्या हितार्थ विशिष्ट रस्त्यावर मोटार वाहनांस बंदी घालण्याचा किंवा मर्यादा आणण्याचा अधिकार राज्य शासनास व त्याने प्राधिकृत केलेल्या यंत्रणेस आहे. त्यामुळे ‘राखीव तास’ ठेवण्यास कायद्याची आडकाठी नाही. खरा प्रश्न तो रस्ता कोणाला व कशासाठी लागतो, हा आहे.

स्थानिक रहिवासी आणि रस्ता

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याच्या १६,४८,२९५ लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. तोरणमाळच्या परिसरात पावरा व भिल्ल समाजांची वस्ती असून ती डोंगरांवर दूरदूर विखुरलेल्या पाड्यांत आहे. आमचूर, मोहफुले, चारोळी यांसारखा माल बाजारात नेणे, शिधा व बियाणे आणणे, शाळा-महाविद्यालय, सरकारी कचेरी या सर्वांसाठी उतरायचे ते डोंगरातील अशाच मोजक्या रस्त्यांनी.

आरोग्यसेवेच्या बाबतीत रस्त्याचे मोल सर्वांत अधिक आहे. गुंतागुंतीची प्रसूती, सर्पदंश किंवा अपघात अशा प्रसंगी रुग्णास शहादा वा नंदुरबार येथील रुग्णालयात न्यावे लागते. वाहन जेथवर पोहोचत नाही अशा पाड्यांतून रुग्णास बांबूला बांधलेल्या झोळीतून खांद्यावर वाहून आणल्याच्या घटना अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतून वारंवार नोंदल्या गेल्या आहेत. नर्मदेच्या काठावरील गावांसाठी तर आरोग्य खात्यास तरंगते दवाखाने चालवावे लागले.

यामुळे या मार्गाविषयी दोन भिन्न दृष्टी निर्माण होतात. बाहेरून येणाऱ्या सायकलस्वारास रस्त्यावरील शुकशुकाट हा त्याचा मुख्य गुण वाटतो. रहिवाशांच्या दृष्टीने तोच शुकशुकाट म्हणजे चुकलेली बस, न मिळालेली जीप आणि उशिरा आलेली रुग्णवाहिका होय. रस्ता रुंद व गुळगुळीत झाल्यास रहिवाशांचा वेळ वाचतो, परंतु पर्यटकांच्या मोटारी व त्यांचा वेगही वाढतो. फ्रान्समधील हरित मार्गांबाबत हा पेच सहसा उद्भवत नाही. कारण तेथे सायकलमार्गाच्या जोडीने मोटारींचा दुसरा रस्ता उपलब्ध असतो आणि एकाची शांतता दुसऱ्याच्या गैरसोयीवर अवलंबून नसते. तोरणमाळला असा सोयीचा पर्यायी रस्ता नाही. म्हणून तेथे राखीव तासांचा विचार झालाच, तर बस, रुग्णवाहिका व रहिवाशांची वाहने यांना त्यातून वगळणे अपरिहार्य ठरेल. मर्यादा घालता येईल ती केवळ पर्यटकांच्या मोटारींवर.

सुविधा व सुरक्षितता

तोरणमाळ येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे. सायकलचे सुटे भाग माथ्यावर मिळतील असे गृहीत धरता येत नाही. जादा ट्यूब, पंक्चरचे साहित्य, हवेचा पंप, चेन जोडण्याचे हत्यार व ब्रेकचे गुटके शहाद्यापूर्वीच जवळ असावे लागतात. घाटात भ्रमणध्वनीचा संपर्क सर्वत्र मिळत नाही.

उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवल्यास रिम तापते व ट्यूब फुटण्याचा संभव असतो. वळणाआधी दोन्ही ब्रेक थोडा वेळ घट्ट दाबून वेग कमी करणे व वळणात ते सैल सोडणे, ही रीत अधिक सुरक्षित आहे. अंध वळणांवर घंटी वाजविणे, डाव्या कडेने राहणे आणि सूर्यास्तापूर्वी घाट उतरणे हे संकेत पाळले जातात. वनक्षेत्रात आग पेटविणे, कचरा टाकणे व मुख्य रस्ता सोडून विनापरवानगी आत शिरणे वर्ज्य आहे. पाड्यांवरून जाताना घरांची व माणसांची छायाचित्रे त्यांच्या संमतीविना घेऊ नयेत, अशी अपेक्षा असते.

हे सुद्धा पहा

तोरणमाळ
सातपुडा
शहादा
अक्राणी तालुका
सायकल
माथेरान
कानाल द्यु मिदी